पानाचा खालचा अर्धा

काम दोन मिनिटांचं होतं. जेवणाच्या सुट्टीत उरकून टाकू म्हणून इमोजीन प्रुइट सँडविच तसंच कागदात गुंडाळून ठेवून कोर्टहाऊसच्या तळघरात उतरली, दप्तराच्या खोलीचं लोखंडी दार खांद्यानं रेटलं, दिवा लावला आणि विवाहनोंदींचं एकतिसावं रजिस्टर फळीवरून ओढून उतरत्या टेबलावर उघडलं. पान दोनशे चौदा. अनुक्रमणिका बघायची गरज पडली नाही; जून एकोणीसशे त्रेसष्टची पानं तिनं स्वतःच्या हातानं टाइप केली होती. वरच्या अर्ध्या भागात सगळं जिथल्या तिथं होतं. डॉइल रे प्रुइट, वय एकतीस. इमोजीन लव्हडे, वय तेवीस. या दोघांचं लग्न लावण्यास बेलहॅम काउंटीच्या कोर्ट क्लार्ककडून परवानगी. त्याखाली तेव्हाचे क्लार्क मिस्टर टीग यांची ती लांबलचक शेपटीची सही. आणि त्याखाली काही नव्हतं. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता.

कोरा म्हणजे अगदी कोरा. छापील ओळी होत्या, ओळींवर रिकाम्या जागा होत्या, आणि एकतीस वर्षांत त्यांच्यावर पेनचं टोक टेकलेलं नव्हतं. इमोजीनला आधी वाटलं, दोन पानं चिकटली असतील. तिनं अंगठा ओला करून पान चोळून बघितलं. पलीकडचं दोनशे पंधरा भरलेलं होतं, अलीकडचं दोनशे तेरा भरलेलं होतं. मग तिला वाटलं, आपण चष्मा वरच विसरलो. चष्मा नाकावरच होता. ती एकटीच खुदकन हसली आणि त्या बंद खोलीत आपलंच हसू ऐकून तिला कसंतरी झालं.

लायसन्स म्हणजे लग्न नव्हे. हे वाक्य तिनं काउंटरच्या आतल्या बाजूनं चौतीस वर्षं किती जोडप्यांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. मुलगा-मुलगी एकमेकांचे हात धरून येत, शपथ घेत, कागद मिळाला की झालंच लग्न अशा थाटात निघत, आणि इमोजीन त्यांना दारातून परत बोलवी. "इकडं या दोघं. ही नुसती परवानगी आहे. ज्या दिवशी लग्न लागेल त्या दिवशी तुमच्या पाद्रीबाबांनी इथं खाली सही करायची, आणि कागद तीन दिवसांत माझ्याकडे परत. हे पाकीट, पत्ता छापलेला आहे. फ्रेममध्ये लावू नका, आईकडे देऊ नका, मोटारीत विसरू नका. तो परत आला की मी तुमच्या पानाचा खालचा अर्धा भरते. मग तुम्ही नवराबायको." पोरं हसत, 'हो मिस इमोजीन' म्हणत; तिकडं लग्न झालेल्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात. गावात तिची टिंगलही होई. चर्चचे म्हातारे पाद्री ब्रदर हेन्सली कागद परत पाठवायला विसरत, त्यांना ती वर्षातून चारदा पत्रं टाकी, आणि ते चर्चच्या ओट्यावर चारचौघांत म्हणत, "परमेश्वर एक वेळ माफ करील, कोर्टहाऊसातली इमोजीन नाही करणार."

स्कर्टच्या खिशात दफनभूमीच्या कचेरीचं पत्र होतं. डॉइल ऑक्टोबरात गेला. कोरियाच्या लढाईत दोन वर्षं काढली होती म्हणून त्याला सैनिकांच्या दफनभूमीत जागा मिळाली; टेकडीच्या उतारावर सारखे सारखे पांढरे दगड, त्यातला एक त्याचा. तिथं बायकोला वेगळा दगड नसतो. तिला त्याच खड्ड्यात, त्याच्यावर ठेवतात आणि दगडाच्या मागच्या बाजूला तिचं नाव कोरतात. अमक्याची पत्नी. इमोजीनला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा राग आला होता, आयुष्यभर काम केलं आणि शेवटी दगडाची मागची बाजू! पण गेल्या पाच महिन्यांत तिचं मन त्या मागच्या बाजूवर जडलं होतं. रविवारी चर्च झालं की ती गाडी काढून तिथं जाई आणि दगडाला वळसा घालून त्या गुळगुळीत, अजून काही न लिहिलेल्या बाजूशी उभी राही. बाकीच्या बायका समोर फुलं ठेवत. ही मागं. दुसरं कुठं आपली वाट बघणारं काही आहे असं तिला वाटत नसे. आणि आता पत्र आलं होतं: जागा राखून ठेवण्यासाठी विवाहाच्या नोंदीची खरी नक्कल महिनाअखेर पाठवावी, नक्कल न आल्यास जागेचा हक्क धरता येणार नाही. तिनं ते वाचून मनाशी म्हटलं होतं, नकलांचं काय, नकला तर मीच देते.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती रजिस्टर जागेवर ठेवून वर आली. सँडविच डब्यात तसंच राहिलं. काउंटरवर रांग लागली होती आणि तिचे हात आपोआप कामाला लागले. एकाची मोटारीची नंबरपाटी, एकीचं दुकानाचं लायसन्स, एका वकिलाच्या कारकुनाला काउंटी कमिशनच्या मागच्या सभेच्या ठरावाची प्रत. मार्च महिना होता, कोर्टहाऊसच्या चौकातली झाडं अजून खराटा होती, आत वाफेच्या नळांची उष्णता आणि ओल्या कोटांचा वास. ठप, ठप, शिक्का पडत होता. मोटारींचं सगळं गेल्या वर्षीपासून कॉम्प्युटरवर गेलं होतं, पण लग्नांची रजिस्टरं अजून होती, शिक्का अजून होता. दहा वर्षं पुढंमागं फिरणारी तारखेची चाकं असलेला तो पितळी शिक्का रोज सकाळी कुलूप काढून आजच्या दिवसावर आणायचा, हे इमोजीनचं काम. ती ते इतकं वेळेवर करी की डार्ला म्हणायची, मिस इमोजीननं चाक फिरवल्याशिवाय बेलहॅम काउंटीत उजाडत नाही.

डार्ला स्टिनेट म्हणजे सध्याची काउंटी क्लार्क, लोकांनी निवडून दिलेली, इमोजीनची साहेब. चौतिशीची पोर. पंधरा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आली तेव्हा इमोजीननंच तिला शिक्का धरायला शिकवलं होतं. निवडणुकीला उभी राहताना ती इमोजीनच्या घरी जाऊन रडली होती. "तुम्हीच उभ्या राहा ना मिस इमोजीन, मला काय कळतंय!" आणि इमोजीन म्हणाली होती, "मला फोटो काढून घ्यायला आवडत नाही." आत्ता डार्ला आपल्या खोलीच्या दारातून डोकावून म्हणाली, "मिस इमोजीन, आठवण करून देते हं, तुमच्या डॉइलच्या ट्रकच्या पाटीची मुदत या महिन्यात संपतेय. गेल्या वर्षीची पावती आणा आणि ट्रक तुमच्या नावावर करून टाकू. आणि जेवल्या का? तोंड बघा कसं झालंय."

"जेवले," इमोजीन म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि डार्लाला ते ऐकूही आलं नसावं.

डॉइलची पाटी. दर मार्चला तो यायचा. घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर पावती ठेवली असती तर तिनं दुसऱ्या दिवशी काम करून आणलं असतं, पण नाही. गिरणीतून दुपारी सुट्टी काढून, टोपी हातात घेऊन तो पुढच्या दारानं आत यायचा आणि रांगेच्या शेवटी उभा राहायचा. सगळं ऑफिस हसायचं. "अरे डॉइल, बायको आत आणि तू बाहेर? भांडलात की काय?" तो म्हणायचा, "रांग ती रांग." मोजे विणणाऱ्या यंत्रांचा दुरुस्तीवाला, बोटांच्या फटींत कायमचं काळं तेल. पाळी आली की तो कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठेवायचा, रबरानं बांधलेला. तीही गंमत करायची. "बोला मिस्टर प्रुइट." तो वरची पावती काढून द्यायचा, ती शिक्का मारायची आणि सगळ्यांना विचारते तसं विचारायची, "आणखी काही?" आणि डॉइल जरा थांबायचा. गठ्ठ्यावर अंगठा फिरवायचा. मग म्हणायचा, "नाही. आज एवढंच." संध्याकाळी घरी दोघं त्याविषयी काही बोलत नसत. शेंगांची उसळ आणि मक्याची भाकरी खात, रेडिओ ऐकत. पण मार्चातला तो दिवस इमोजीनला आवडायचा, आपल्याच नवऱ्याला 'मिस्टर' म्हणण्यात एक चोरटी मजा होती. या वर्षी तो दिवस येणार नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं, आणि समोरच्या माणसाच्या कागदावर शिक्का वाकडा पडला.

चारच्या सुमारास एक जोडपं आलं. मुलगी पोटुशी होती, मुलाच्या मानेवर नुकत्याच कापलेल्या केसांची रेघ. शपथ झाली, टाइप झालं. इमोजीननं कागद पुढं केला आणि तिच्या तोंडून ते वाक्य येईना. लायसन्स म्हणजे. मुलगी तिच्याकडं बघत राहिली. "काही राहिलं का, मॅडम?" इमोजीननं पाकीट उचलून दिलं. "हे. हे परत पाठवा," ती म्हणाली. "तीन दिवसांत. विसरायला होतं." मुलगा हसून म्हणाला, "नाही विसरणार." सगळे असंच म्हणतात. इमोजीन स्वतःही एकदा असंच म्हणाली होती.

तिच्या लग्नाचा दिवस, रविवार होता. नऊ जून. चर्चच्या मागच्या अंगणात टेबलं मांडून बायकांनी केक आणि हॅमचे तुकडे ठेवले होते. ब्रदर हेन्सलींनी डॉइलच्या मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, बॉनेट इतकं तापलं होतं की ते हात झटकत होते. मग पाकिटात न घालताच कागद तिच्या हातात देत म्हणाले, "घे बाई. तुझं लग्न म्हणजे माझा टपालखर्च वाचला. परत आलीस की तूच तुझ्या टेबलावर ठेव आणि तूच तुझ्यावर शिक्का मार." सगळे हसले होते. दुसऱ्या कुठल्या नवरीच्या हातात कुणी तो कागद दिला नसता, आणि दिला असता तर दुसऱ्या नवरीनं घाबरून लगेच टपालात टाकला असता. इमोजीननं तो हँडबॅगेत टाकला. तिचंच तर ऑफिस. डोंगरात चार दिवस राहून ती गुरुवारी परत आली, तीन दिवस उलटून गेले होते, आणि मिस्टर टीग दारातच उभे. "काय पोरी, कागद आणलास का?" "घरी राहिला, उद्या आणते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मिस्टर टीग विसरले. ती विसरली नव्हती. इथपर्यंत तिला सरळ आठवत होतं. उशीर झाल्याची लाज वाटत होती, ते जेवायला बाहेर गेले की हळूच लावून टाकू असं म्हणत एक आठवडा गेला, मग दुसरा. एवढंच असतं तर काही नव्हतं. अशी विसराळू माणसं तिनं शेकड्यानं बघितली होती. पण एवढंच नव्हतं, आणि गाडी चालवत घरी येताना, फाटकापाशी इंजिन बंद करून बसल्या बसल्या, तिला ते माहीत होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉइलनं ओहायोला जायचं काढलं. तिकडं टायरच्या कारखान्यात माणसं घेत होते, अर्धा गाव निघाला होता. इमोजीन म्हणाली, मी ऑफिस सोडणार नाही. तो म्हणाला, मग मी एकटा जातो, तू वाटलं तर ये. आवाज कुणीच चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तो बसनं गेला. चार महिन्यांत त्याची तीन पत्रं आली, तिन्हीत हवेची बातमी. आणि डिसेंबरात, दरवर्षीप्रमाणे, मिस्टर टीगांनी तिला परत न आलेल्या लायसन्सांची यादी करायला सांगितली. तिनं त्रेसष्टचं रजिस्टर पानापानानं चाळलं. खालचा अर्धा कोरा असलेली बारा पानं होती. यादीत तिनं अकरा नावं टाइप केली. दोनशे चौदा नंबरच्या पानावरून तिचं बोट न थांबता पुढं गेलं, आणि त्या वेळी तिच्या मनात शब्द होते, स्वच्छ, टाइप केल्यासारखे: तो परत आला नाही तर मोडायला काही उरणार नाही. त्या संध्याकाळी तिनं कागद हँडबॅगेतून काढला, पाकिटात घातला आणि ड्रॉवरच्या कपाटात, तळाशी अंथरलेल्या कागदाखाली सारला. फेब्रुवारीत डॉइल परत आला. "तिथं थंडी फार," एवढंच म्हणाला, आणि मोज्यांच्या गिरणीत लागला. तिला इतका आनंद झाला की रडू येईल म्हणून ती अंगणात जाऊन लाकडं रचत बसली. आणि कागद? कागदाचं आता काय करायचं? यादीवर मिस्टर टीगांची सही झाली होती, यादी खोटी होती, ती तिनं केली होती. कागद बाहेर काढायचा तर यादीही बाहेर आली असती. मग ती विसरली. विसरण्याचं काम तिनं मन लावून केलं, ऑफिसातली सगळी कामं करायची तसं, आणि काही वर्षांनी ते इतकं नीट जमलं की आज दुपारी पानाला अंगठा चोळताना तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

घरात शिरल्यावर तिनं कोटही काढला नाही. ड्रॉवरचं कपाट झोपायच्या खोलीत होतं तिथंच होतं, पिवळ्या रंगाचं. तिनं सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढून पलंगावर रिकामा केला. तळाशी बारीक निळ्या फुलांचा कागद, कडेला नीट घड्या घालून चिकटवलेला. पूर्वी तिथं तपकिरी कागद होता. निळ्या फुलांचा कागद तिनं अंथरला नव्हता. अंथरला होता डॉइलनं, बाहत्तर साली, ती ऑपरेशनसाठी तीन आठवडे इस्पितळात होती तेव्हा. त्या ऑपरेशननंतर मूल होण्याचा प्रश्न मिटला. घरी आली तर कपाट पिवळं रंगवलेलं, प्रत्येक ड्रॉवरला नवा कागद, आणि डॉइल दारात ब्रश घेऊन उभा, नाकाला रंग. "कसं झालंय?" ती म्हणाली, छान झालंय. तेव्हा तिला आठवलं होतं का? एक क्षणभर काहीतरी पोटात हललं होतं, पण पोटात टाके होते. आत्ता तिनं नखानं निळा कागद उचकटला, फाडला, सगळ्या ड्रॉवरांचा फाडला. खाली नुसतं लाकूड. ती पलंगाच्या काठावर बसली. जुना कागद ज्यानं काढला त्यानं पाकीट बघितलंच असणार. पाकिटावर तिच्या ऑफिसचा पत्ता. म्हणजे एकवीस वर्षं तो तिच्यासमोर बसून मक्याची भाकरी दुधात कुस्करून खात होता आणि त्याला माहीत होतं.

काय माहीत होतं त्याला? की बायकोनं एक पाय बाहेर ठेवला होता. की ती रोज दुसऱ्यांची लग्नं पक्की करते आणि स्वतःचं कच्चं ठेवते. त्यानं तो कागद चुलीत घातला असेल. घालायलाच हवा होता, तिनं त्याच्या जागी घातला असता. तसं असेल तर आता जगाच्या पाठीवर कुठंही लिहिलेलं नाही की ती त्याची कोण होती. ब्रदर हेन्सली गेले, साक्षीदार गेले, ज्या मोटारीच्या बॉनेटवर सही झाली ती मोटारही मोडीत गेली. घरात दोन खुर्च्या होत्या, एवढाच पुरावा. तिला त्याच्यावर रागही आला. "मेल्या, एकदा तोंड उघडलं असतंस तर!" ती खुर्चीकडं बघून मोठ्यानं म्हणाली. "एकदा भांडला असतास!" खुर्ची जशी असते तशी होती. बाहेर अजून उजेड होता. शेजारचा माणूस कुत्र्याला हाका मारत होता. या घरात आपल्याला हाक मारणारं कुणी नाही, हे तिला इतके दिवस माहीत होतं, पण आज ते कळलं.

सकाळी ती सातला ट्रकपाशी गेली. ट्रकची पावती हवीच होती; कागद नाही तर नाही, पाटी तर बदलायला हवी. दार उघडलं तसा त्याचा वास आला, तेलाचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा, आणि ती थोडा वेळ स्टिअरिंगच्या चाकामागं नुसती बसून राहिली. पाच महिन्यांत ती या बाजूला बसली नव्हती. समोरच्या कप्प्यात टायरची हवा मोजायची नळी, गोळ्यांची पुडी आणि रबरानं बांधलेला गठ्ठा. वर गेल्या वर्षीची पावती. तिच्याखाली त्याच्या आधीची. डॉइल पावत्या टाकून देत नसे; तीन ट्रक झाले, तिन्हींच्या पावत्या गठ्ठ्यात होत्या. प्रत्येकीवर तिचा शिक्का, तिच्या सहीची दोन अक्षरं. ती एक एक मांडीवर उतरवत गेली. बाहत्तरपर्यंत. आणि सगळ्यांत खाली, पावत्यांना पाठ देऊन, एक लांबट पाकीट. काउंटी कोर्ट क्लार्क, कोर्टहाऊस, बेलहॅम काउंटी. पाकिटावर आठ सेंटचं तिकीट लावलेलं होतं, टपालाचा शिक्का न पडलेलं. त्याच्या शेजारी दोन सेंटचं. मग तीनचं. टपालाचा दर वाढत गेला तसं तो शेजारी एक एक लहान तिकीट लावत गेला होता, पाकिटाच्या वरच्या काठावर ओळ, शेवटचं अजून स्वच्छ, दोन-तीन वर्षांपूर्वीचं. पाकीट आज टाकलं असतं तरी पोचलं असतं. त्यानं ते टाकलं नव्हतं. जपलं होतं, तयार ठेवलं होतं, आणि दर मार्चला तिच्या समोर काउंटरवर ठेवलं होतं, रबरानं बांधून.

आणि तिनं दर मार्चला विचारलं होतं, आणखी काही?

ती ट्रकमध्येच रडली. डॉइल गेल्यावर लोकांसमोर रडली होती ते वेगळं. हे तोंड वेडंवाकडं करून, नाक गळत, कपाळ त्या थंड चाकावर टेकवून. मग तिनं आरशात बघून तोंड पुसलं आणि कामाला जायला निघाली.

डोक्यात दुसराच विचार चालू होता आणि तो तिला थांबवता येत नव्हता. आठच्या आधी ऑफिसात कुणी नसतं. किल्ली तिच्याकडं आहे. जुना टाइपरायटर अजून दप्तराच्या खोलीत झाकून ठेवलाय, त्रेसष्टच्या पानांची तीच अक्षरं. 'परत आले, दहा जून एकोणीसशे त्रेसष्ट' एवढी ओळ, पाच मिनिटांचं काम. कुणी कधी ते पान काढणार नाही, आणि काढलं तर म्हणेल, इमोजीन प्रुइटचं पान, बरोबरच असणार. ती कोर्टहाऊसपाशी पावणेआठला पोचली. मागच्या दाराची किल्ली हातात होती. ती गाडीत बसून राहिली. दहा जूनला ती डोंगरात होती, डॉइलचा हात धरून नदीत पाय सोडून बसली होती. तो दिवस तिला ऑफिसात घालवायचा नव्हता. आठ वाजता पुढचं दार उघडलं, लोक आत जाऊ लागले. इमोजीन किल्ली पर्समध्ये टाकून त्यांच्या मागून पुढच्या दारानं आत गेली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली.

"अहो मिस इमोजीन!" डार्ला काउंटरवरून ओरडली. आज इमोजीन उशिरा आली म्हणून तीच तिथं बसली होती. "काय चाललंय? आत या ना!"

"रांग ती रांग," इमोजीन म्हणाली. पुढचा माणूस होडी ओढायच्या गाडीची पाटी घ्यायला आला होता. त्यानं मागं वळून बघितलं, टोपीला हात लावला, जागा द्यायला लागला. तिनं मान हलवली. चौतीस वर्षांत ती या बाजूला उभी राहिली नव्हती. काउंटर या बाजूनं छातीपर्यंत येतं हे तिला माहीत नव्हतं. आतल्या माणसाचा चेहरा या बाजूनं जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो डोक्याचा भांग, खाली वाकलेला, आणि शिक्क्यावरचा हात. डार्ला प्रत्येकाला तिनंच शिकवलं तशी, वर न बघता, कागद घेत होती आणि विचारत होती. डॉइलला एकवीस वर्षं एवढंच दिसलं असणार. तिचा भांग. तो वर होण्याची तो जरा वेळ वाट बघायचा, अंगठा फिरवत, मग म्हणायचा ते म्हणायचा आणि टोपी घालून गिरणीत परत जायचा.

पाळी आली. तिनं ट्रकची पावती ठेवली आणि तिच्याशेजारी पाकीट. डार्लानं पाकीट उलटंसुलटं केलं, तिकिटांची ओळ बघितली, हसू आलं ते अर्ध्यावर राहिलं. आतला कागद उघडून तिनं वाचला. एकदा, मग पुन्हा.

"मिस इमोजीन," ती अगदी हळू म्हणाली, "हे तर तुमचं…"

"हो. उशीर झालाय."

डार्ला पुढं वाकली. "माझं ऐका. मागच्या दारानं आत जाऊ. जुन्या मशिनवर मी स्वतः भरते, तेव्हाच्याच तारखेनं. कुणाच्या बापाला कळणार नाही. तुम्ही या काउंटीसाठी एवढं केलंत."

"तारीख आजची टाक."

"अहो, पण कायमचं दिसणार ना ते. लग्न तेव्हाचं आणि कागद आजचा. लोक काय म्हणतील? दुसरं कुणी असतं तर तुम्हीच…"

"मी पत्र टाकलं असतं," इमोजीन म्हणाली. "खालचा अर्धा भर, डार्ला. लग्न नऊ जून त्रेसष्ट, तसंच लिही. ब्रदर हेन्सलींची सही आहे खाली. परत आल्याची तारीख आजची, आणि कुणी आणून दिला ते विचारलंय ना छापील ओळीत? तिथं लिही, डॉइल प्रुइटनं." तिनं उरलेल्या पावत्यांना रबर लावलं. "आणि एक खरी नक्कल दे मला. दफनभूमीला पाठवायचीय."

मागं रांगेत कुणीतरी खोकलं. डार्लाचे डोळे भरले होते, पण ती इमोजीननंच तयार केलेली होती; तिनं कागद सरळ केला, शिक्का उचलला. आज चाक कुणी फिरवलं नव्हतं. कालचीच तारीख होती. डार्लानं अंगठ्यानं ते एक घर पुढं सारलं, आणि शिक्का पडला. मग सवयीनं, मान खाली घालूनच, तिनं विचारलं, "आणखी काही?" आणि विचारल्याबरोबर वर बघितलं.

इमोजीन जरा थांबली. पावत्यांचा गठ्ठा हातात होता, रबर आता सैल झालं होतं.

"नाही," ती म्हणाली. "आज एवढंच."